निरंक

जिल्हा परिषदेच्या नोकरीत माझी अर्धी हयात दौऱ्यात गेली. दौरा हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, पण आमचा दौरा म्हणजे सकाळची मुक्कामी एसटी, खांद्याला शबनम, तिच्यात रजिस्टर आणि भाकरी, आणि महिनाअखेरीला प्रवासभत्त्याचं बिल. दौऱ्याची डायरी लिहावी लागे. तिची भाषा ठरलेली: ‘अमुक गावी भेट दिली. पाहणी केली. सूचना दिल्या.’ आमच्या खात्यातल्या कुणाचीही डायरी उघडा, हीच तीन वाक्यं. भेट खरोखर दिली की नाही, हे त्या वाक्यांवरून देवालासुद्धा कळायचं नाही.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी जिमी कार्टर गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी, तेव्हा पहिल्यांदा मला ती डायरी आठवली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष, आणि आठवण यावी साताऱ्याकडच्या एका आरोग्य सेवकाच्या दौरा-डायरीची, हे विचित्रच आहे. घरातही तसंच ऐकून घेतलं. ‘तुमचा काय संबंध?’ असं मुलानं विचारलं. संबंध आहे, आणि तो नारूमुळे आहे.

नारू आजच्या पोरांना माहीत नाही, हे किती चांगलं झालं. आमच्या लहानपणी दुष्काळी पट्ट्यात तो घरोघर ठाऊक होता. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागर भरायच्या. त्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा सायक्लॉप्स नावाचा पाणकिडा, आणि त्याच्या पोटात नारूचं पिल्लू. पाणी प्यायलं की ते पिल्लू माणसाच्या अंगात. मग वर्षभर काही नाही. माणूस नांगरतो, खुरपतो, लग्नात जेवतो. वर्षानं एक दिवस पायावर फोड येतो, विस्तवासारखी आग होते, फोड फुटतो आणि आतून शेवईसारखा पांढरा किडा डोकं काढतो. लांबीला हातभर, कधी दोन हात. ओढून काढावा तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर, फार तर दोन बोटं. आग शमावी म्हणून माणूस पाय थंड पाण्यात बुडवतो, आणि नारूला नेमकं तेच हवं असतं. पाणी लागलं की तो त्यात हजारो पिल्लं सोडतो. म्हणजे ज्याला दुखतं तोच नकळत गावभर ते दुखणं वाटतो. या रोगाला औषध नाही, लस नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही.

१९८६ साली मी आरोग्य सेवक म्हणून लागलो. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम दोन-तीन वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. आमच्याकडे नारूचं चित्र असलेलं एक कार्ड असायचं. ते घरोघर दाखवायचं आणि विचारायचं, ‘असं कुणाला झालंय का?’ नसेल तर तक्त्यात एकच शब्द लिहायचा: निरंक. सरकारी मराठीतला हा माझा सर्वांत लाडका शब्द होता. लिहायला सोपा, त्याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही आणि साहेबही खूश.

त्याच वर्षी, १९८६ मध्येच, तिकडे अटलांटात कार्टरनीही नारू हातात घेतला होता. मला तेव्हा त्याची दाद नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. जगात सुमारे ३५ लाख माणसांना, २१ देशांत, नारू होता. आफ्रिका खंडाचा मोठा पट्टा, आणि इकडे भारत, पाकिस्तान, येमेन. एखाद्या माजी राष्ट्राध्यक्षानं हाती घ्यावं असं हे प्रकरण नव्हतं. माजी राष्ट्राध्यक्ष आठवणी लिहितात, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसतात, तासाला लाखांनी मानधन घेऊन भाषणं देतात.

कार्टर १९८० ची निवडणूक हरले आणि छप्पन्नाव्या वर्षी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या आपल्या गावी परत आले. सातशेच्या आत-बाहेर वस्तीचं गाव. अध्यक्ष असताना भुईमुगाचा धंदा त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपवला होता. परत येऊन बघतात तर धंद्यावर दहा लाख डॉलरच्या घरात कर्ज. राहतं घर तेच, दोन झोपायच्या खोल्यांचं, १९६१ मध्ये बांधलेलं. शेवटपर्यंत तिथेच राहिले आणि गेलेही तिथेच. पुढे पत्रकारांनी हिशेब काढला की घराबाहेर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांच्या चिलखती गाड्यांची किंमत त्या घरापेक्षा जास्त आहे.

आता अध्यक्ष म्हणून ते कसे होते, यावर मी फार बोलणार नाही. महागाईनं लोक पिचले होते, इराणमध्ये ५२ अमेरिकी माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली, त्यांना सोडवायला गेलेल्या मोहिमेत आठ सैनिक मेले. इजिप्त आणि इस्रायल यांना कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस कोंडून समझोता घडवला, हेही खरं. आपल्याशी तर त्यांचं वाजलेलंच होतं. जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीत आले असताना तारापूरच्या अणुइंधनावरून मोरारजींशी जमेना. मग स्वतःच्या, अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांशी कुजबुजताना, परत गेल्यावर एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू या, असं म्हणाले, आणि जवळचा माइक चालू राहिलेला. जगभर बोभाटा झाला. मोरारजींनी ते हसून सोडलं, असं म्हणतात. पुढे १९८० मध्ये त्याच कार्टरनी तारापूरला ३८ टन इंधन पाठवायला मंजुरी दिली आणि स्वतःच्या पक्षातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिल्ली दौऱ्यातच ते हरियाणातल्या दौलतपूर नसीराबाद या खेड्यात जाऊन आले. गावानं आपलं नावच बदलून कार्टरपुरी ठेवलं.

आपल्याकडचा खरा धागा मात्र त्यांच्या आईचा आहे. लिलियनबाई. जन्म १५ ऑगस्टचा, साल १८९८. नर्स होत्या. जॉर्जियात गोऱ्यांनी काळ्यांच्या दारात पाऊल ठेवू नये अशा दिवसांत ही बाई त्यांच्या घरी जाऊन बाळंतपणं, दुखणीखुपणी बघायची. नवरा गेला, मुलं मोठी झाली आणि एका रात्री टीव्हीवर ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवक दलाची जाहिरात बघितली. वयाची अट नाही, असं तिच्यात होतं. अडुसष्टाव्या वर्षी बाईंनी अर्ज केला आणि येऊन पोचल्या कुठे, तर विक्रोळीला. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात. १९६६ ते १९६८. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या कामाला जुंपलं, ते त्यांना रुचलं नाही. मग दवाखान्यात सुया टोचणं, मलमपट्टी, महारोग्यांची सेवा. घरी लिहिलेली त्यांची पत्रं पुढे पुस्तकरूपानं निघाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, तेव्हा अमेरिकेच्या वतीनं अंत्यसंस्काराला या बाईच आल्या. मुलगा नुकताच अध्यक्ष झालेला. आणि दिल्लीचं काम उरकून त्या विक्रोळीला जाऊन आल्या.

आमच्या नोकरीत सत्तरीला टेकलेली माणसं पेन्शनच्या फरकासाठी कोशागारात खेटे घालतात. मीही घातलेत. अडुसष्टाव्या वर्षी परमुलखात जाऊन सुया टोचणाऱ्या बाईचा मुलगा घरी बसून राहणार नव्हता, एवढंच मला म्हणायचं आहे.

तर नारू. मार्च १९८८ मध्ये कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन घानातल्या एका खेड्यात गेले. गावात नारूची माणसं शेकड्यांनी. गर्दीच्या कडेला एक तरुण बाई उभी होती. कार्टरना वाटलं, कडेवर मूल आहे. मूल बघावं म्हणून जवळ गेले. कडेवर मूल नव्हतं. ती स्वतःचं स्तन हातात धरून उभी होती. सुजून मोठं झालेलं, आणि अग्रातून नारू बाहेर येत होता. हा प्रसंग पुढची तीस वर्षं ते सांगत राहिले. प्रत्येक वेळी तसाच, शब्द फारसे न बदलता.

हे मी बऱ्याच उशिरा वाचलं, आणि वाचलं तेव्हा मला माझी बाई आठवली.

१९८७ चा उन्हाळा. एका गावाच्या शोधमोहिमेचा तक्ता मला भरायचा होता. गाव मी फिरलो, नाही असं नाही. पण ओढ्यापलीकडे एक वस्ती होती, सातआठ घरांची. ऊन मरणाचं, ओढ्यात गुडघाभर वाळू आणि परतीची एसटी साडेतीनची. पारावर बसलेल्या दोघातिघांना विचारलं, ‘पलीकडं काय हाय का?’ ते म्हणाले, ‘काय नाय.’ मी वस्तीपुढे लिहिलं: निरंक. डायरीत लिहिलं: भेट दिली. पाहणी केली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी, लसीकरणाचं असेल, त्या वस्तीवर गेलो. पहिल्याच घराच्या सोप्यात एक बाई पाय लांब करून बसलेली. नडगीच्या खाली, घोट्याच्या वर, चिपाडाची काडी चिंध्यांनी बांधलेली, आणि काडीला तो गुंडाळलेला. पाच-सहा वेढे झाले होते. बाजूला तांब्या, ओलं फडकं. माझ्या हातातलं कार्ड तिनं बघितलं. त्यावर तिच्या पायासारखाच पाय होता.

‘आत्ता आलायस व्हय?’ ती म्हणाली. रागावून नाही. पाहुण्याला म्हणावं तसं.

‘किती दिवस झालं?’

‘महिना झाला की.’

‘पाण्याला कोण जातंय?’

‘मीच. दुसरं हाय कोण?’

तो महिनाभर ती रोज त्या बारवेत उतरत होती. गारव्याला बरं वाटायचं, म्हणाली. पुढच्या वर्षी त्या वस्तीवर आणि ओढ्याअलीकडच्या गावात मिळून नऊ रुग्ण निघाले. ते नऊ कुठून आले हे माझ्या साहेबांना कळलं नाही, मला कळलं होतं. बारवेत पाणकिडे मारणारं टेमेफॉस टाकलं, लुगड्याची चौपदरी फडकी घागरींना बांधायला लावली, पुढे हापसा आला. हापशाची एक गंमत आहे. जगभर गेलेला तो ‘इंडिया मार्क टू’ पंप ज्या पंपावरून घडला, तो मिशनच्या लोकांनी आपल्या सोलापुरात तयार केलेला होता. ज्या गावात हापसा आला तिथे कुणी पाय बुडवायला विहिरीत उतरेना. हापशातून नारू येत नाही.

भारतातला शेवटचा नारूरुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. मग तीन वर्षं नुसतं शोधत राहायचं होतं. शून्य आहे हे सिद्ध करायला तेवढी वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत ‘पलीकडं काय नाय’ चालत नाही. बातमी देणाऱ्याला बक्षीस होतं. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी पेढेसुद्धा वाटले नाहीत.

कार्टरांच्या कामाचा मोठेपणा मला इथे दिसतो. करुणा, शांतता, नोबेल (ते २००२ मध्ये मिळालं) यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला दिसतो तो पाठपुरावा. आम्ही फायलीवर ‘पाठपुरावा करावा’ असा शेरा मारतो, तो शेरा खालच्याकडे जातो, खालचा त्याच्या खालच्याकडे पाठवतो. या गृहस्थानं स्वतःच शेरा मारला आणि स्वतःच खाली उतरला. सुदानमध्ये यादवी चालू होती, नारूच्या गावांपर्यंत माणूस पोचेना. १९९५ मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंकडून युद्धविराम घडवून आणला. कशासाठी, तर पाणी गाळायची फडकी वाटता यावीत म्हणून. जवळजवळ सहा महिने बंदुका थांबल्या. फिरस्त्या लोकांसाठी गळ्यात अडकवायची नळी निघाली, तिच्या तोंडाला बारीक जाळी. डबक्यावर वाकायचं आणि नळीनं प्यायचं. आणि कुठल्या गावात किती, हा आकडा गावागावातून. कुणाही मंत्र्याला भेटले की खिशातून त्याच्या देशाचे आकडे काढायचे, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. मी मंत्री असतो तर मला या म्हाताऱ्याची भीती वाटली असती.

ही सवय जुनीच असावी. १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथे अणुभट्टी बिघडली, तेव्हा नौदलातले अठ्ठावीस वर्षांचे कार्टर दुरुस्तीच्या तुकडीत होते. किरणोत्सर्ग इतका, की एका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट. म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती करून सराव केला: कुठला बोल्ट कुणी फिरवायचा, किती आटे. मग आत. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात अपघात झाला तेव्हा अध्यक्ष म्हणून ते पिवळे बूट घालून थेट नियंत्रणकक्षात गेले. भेट दिली, पाहणी केली. अशी भेट आणि अशी पाहणी असते हे आमच्या डायऱ्यांना ठाऊक नव्हतं.

शंभराहून जास्त देश फिरले. निवडणुका बघायला, भांडणं मिटवायला, कधी कुणी न बोलावता. नंतरच्या अध्यक्षांना त्यांचा वैतागच यायचा, कारण परराष्ट्र खात्याला न जुमानता हे जाऊन बोलणी करून यायचे. तो वैताग अगदीच चुकीचा होता असंही मला वाटत नाही. पण साध्या विमानात बसले की उठून प्रत्येक प्रवाशाशी हात मिळवायचे. त्यात थोडा पुढारीपणा असणार, सवय जात नाही.

वर्षातला एक आठवडा ‘हॅबिटॅट’ या संस्थेबरोबर घरबांधणीला. १९८४ पासून सुरू झालं ते पस्तीस वर्षं. १४ देशांत ४,००० हून जास्त घरं. उद्घाटनाच्या फिती नाहीत. कमरेला सुताराचा पट्टा, हातात हातोडा, आणि कुणी फोटोसाठी फार रेंगाळलं तर कामाला लावायचे. २००६ मध्ये हे सगळं लटांबर आलं कुठे, तर लोणावळ्याजवळ, मळवलीच्या अंगाला, पाटण गावात. १०० घरं, देशोदेशींचे हजारो स्वयंसेवक, आणि ८२ वर्षांचे कार्टर. त्या आठवड्यात हॉलिवूडचा ब्रॅड पिट तिथे येऊन काम करून गेला, म्हणून पेपरात त्याचाच फोटो मोठा. मीही पेपर बघितला आणि पिटचंच वाचलं. नंतर विसापूर चढायला आम्ही मित्र दोनदा पाटणवरून गेलो. धबधब्याच्या वाटेचा दगड कुठला निसरडा आहे, हे मला अजून सांगता येईल. पण ती घरं कुठली, असं कुणाला विचारावं हे डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पंचाण्णव वर्षांचे असताना कार्टर घरात पडले, कपाळाला चौदा टाके पडले, डोळा काळानिळा. त्याच दिवशी संध्याकाळी नॅशव्हिलच्या घरबांधणीच्या कामावर हजर. त्याआधी २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेलेला कर्करोग निघाला होता. त्या वेळी पत्रकार परिषद घेतली आणि शांतपणे सांगितलं की, माझ्याआधी शेवटचा नारू मेलेला मला बघायचाय. लोक हसले. तेही हसले. पण ते विनोदानं म्हणत नव्हते.

ते काही झालं नाही. रोझलिनबाई नोव्हेंबर २०२३ मध्ये गेल्या, सत्त्याहत्तर वर्षांच्या संसारानंतर. वर्षभरानं हे. ४ जानेवारी २०२५ ला त्यांची अंत्ययात्रा बालपणीच्या शेतापाशी थांबली, तेव्हा तिथली शेतावरची जुनी घंटा एकोणचाळीस वेळा वाजवली. ते एकोणचाळिसावे अध्यक्ष होते म्हणून. मी ते मोबाइलवर बघितलं. वीज नसलेलं घर, नळ नसलेलं घर, लाल माती. घंटा वाजत होती आणि काळी-गोरी माणसं शेताच्या कडेला रांगेत उभी होती.

२०२४ या वर्षात साऱ्या जगात नारूचे माणसांमधले रुग्ण होते १५. चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. ३५ लाखांवरून १५. कुत्र्यांमध्ये नारू निघाल्यानं शेवटचा टप्पा लांबला आहे. चाडमध्ये शेकडो कुत्री दाव्याला बांधून ठेवतात, पाण्यात जाऊ नयेत म्हणून. आमच्या वेळी असतं तर मी तक्त्यात काय लिहिलं असतं, मला माहीत आहे. साऱ्या जगात पंधरा. पारावर बसून लिहिण्याजोगा आकडा.

कार्टर गेल्याचं वाचलं त्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. १९८७ ची डायरी उंदरांनी एका कोपऱ्यात खाल्ली आहे, पण ती तारीख शाबूत आहे. निळी शाई, वळणदार अक्षर. तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीचं नाव, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे तो शब्द. खाडाखोड करावी असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, सरकारी रेकॉर्ड आहे, राहू दे.

मोठ्या मावशीला फोन केला. ती नव्वदीची आहे, त्याच पट्ट्यात राहते. तिच्याकडे आता नळाचं पाणी आहे, शुद्धीकरणाचं यंत्रही नातवानं बसवलंय. तरी त्या यंत्राच्या तोटीला तिनं फडकं बांधलेलं असतं, दर सोमवारी बदलते. मी विचारलं, ‘मावशी, आता कशाला गं? नारू गेला कवाच.’

‘कुणी सांगितलं?’ ती म्हणाली.